करवंटीची ओळ

आप्पा,

घरी पाटीवर अक्षरं गिरवून घेताना तुम्हीच शिकवलंत, खोटं लिहायचं नाही. काल काष्टीच्या बाजारात आम्ही कॉलेजच्या मुलांनी जातिभेदावर पथनाट्य केलं. त्यात मी माझी कविता म्हटली: आमच्या घरी दलित मजुरांचा चहाचा कप वेगळा होता.

वर्षानुवर्षं आपल्या रानात खुरपणाऱ्या रंगुबाई गर्दीतून ओरडल्या, "कप कुठला गं बाय? करवंटी हुती! तुजा बाप वरून वतायचा."

लोक हसले. करवंटी मलाही आठवत होती, आप्पा. तुमची लाज राखायला मी कप लिहिला होता. तिथंच ओळ दुरुस्त करून मी पुन्हा म्हटली. सोमवारी कॉलेजातल्या प्रयोगात ती ओळ रंगुबाईच म्हणणार आहेत.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. रविवारी घरी येऊन तुमच्यासमोर कविता म्हणेन.

तुमचीच,
वृषाली