ठेच्याची डबी घेऊन कोलकात्याला

सर, मी कोलकात्याला जाऊन आले. एकटी नाही, फुटबॉलची टीम घेऊन गेले होते. माझ्या शाळेच्या मुली, आपल्याच ग्राउंडवर तयार झालेल्या, काही पेठकडच्या डोंगरातल्या आणि काही सातपूरच्या कामगारांच्या. स्पर्धेत काही फार दिवे लावले नाहीत. एक सामना बरोबरीत सोडवला, बाकीचे हरलो. त्यावर तुम्ही काय काय बोलला असतात ते मला पाठ आहे, म्हणून इथे लिहीत बसत नाही. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष खेळात नव्हतंच. मला तुमचा फोटो पाहायचा होता.

तो फोटो तुम्ही आम्हाला कितीदा सांगितला असेल! मैदानावरच्या तुमच्या जुन्या क्लबच्या ऑफिसला तिथे टेंट म्हणतात, त्या टेंटच्या भिंतीवर टीमचा फोटो आहे, आणि खाली बसलेल्यांच्या रांगेत तुम्ही आहात. तेव्हा तुम्ही उजव्या बाजूने खेळायचात, तुमच्यामागे धावून समोरच्या टीमच्या बॅक लोकांना धाप लागायची, हेही तुम्हीच सांगायचात. आमचा विश्वास बसायचा नाही. आम्ही पाहिलेले सर म्हणजे टक्कल पडलेले, पोट सुटलेले, डावा गुडघा ओढत चालणारे. तो गुडघा गेला आणि खेळ संपला. मग नाशिकच्या एका कारखान्याने स्वतःच्या टीमसाठी नोकरी देऊन तुम्हाला इथे आणलं. पुढे कारखान्याने टीमच बंद केली. तुम्ही स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायचात आणि सकाळी आम्हाला पळवायचात. घरात तुमचा तरुणपणीचा एकच फोटो होता, लग्नातला. त्यात डोक्यावर तो उंच पांढरा मुकुट आणि कपाळभर चंदनाचे ठिपके. त्यात नवरदेव कोण आहे हे काकूंनाही ओळखता आलं नसतं.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. रविवारची प्रॅक्टिस संपली आहे, आम्ही सगळ्या धुळीने माखलेल्या, फरशीवर मांडी घालून बसलोय. काकू स्वयंपाकघर तुमच्या हवाली करून बाहेरच्या खोलीत टीव्ही बघतायत, कारण स्ट्यू तुम्हीच करणार, त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पिवळट पाणी, त्यात कच्ची पपई, गाजर, बटाटा आणि कोंबडीचा एकेक तुकडा, वरून मिरपूड, शेजारी भाजलेला पाव. टेंटच्या कॅन्टीनमध्ये खेळाडूंना हेच मिळतं म्हणे. आम्ही मिसळीवर वाढलेल्या पोरी एकमेकींकडे बघतोय. पेठची आमची गोलकीपर सरळ विचारते, "सर, हे आजारी मानसाचं हाय का?" तुम्ही म्हणता, "खा गुपचूप. खेळाडूचं पोट आहे, भट्टी नाही."

मी पिंपळगावची. वडील द्राक्षांचा टेम्पो चालवायचे आणि आमच्या घरी तिखटाशिवाय घास उतरायचा नाही. होस्टेलला येताना आईने ठेच्याची डबी दिली होती. ती मी ओढणीखालून काढली, चमचाभर ठेचा स्ट्यूत टाकला, आणि तुम्ही पाठमोरे असूनही तुम्हाला कसं कळलं देव जाणे. "एई मेये!" म्हणजे ए पोरी, एवढं बंगाली आम्हाला पहिल्याच आठवड्यात आलं होतं. "पोटात आग लावून पळणार तू?" बाहेर काकू दचकल्या एवढा मोठा आवाज. डबी जप्त झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याने नव्हे. महिन्याभराने डबी परत मिळाली, घासून लख्ख केलेली, रिकामी. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "रोज भातासोबत खात होते. संपला तेव्हा तोंड पाडून बसले."

मग काय, तो आपला नेमच झाला. दर खेपेला मी डबी आणायची, तुमच्या डोळ्यांदेखत झाकण उघडायचं, तुम्ही ओरडायचं आणि डबी जप्त करायची. आईला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली आणि तिने दोन डब्या भरायला सुरुवात केली. "ही तुह्या सरांला. त्यांच्यात लय कमी तिखट असंन, लसूण जास्त घातलाय." तुम्ही तीही डबी ओरडूनच घ्यायचात. न ओरडता घेतली असती तर मला चैन पडलं नसतं.

तुम्हाला पळताना मी एकदाच पाहिलं. त्या गोलकीपरच्या गावी भाताची चिखलणी चालली होती आणि तुम्ही आम्हाला जीपमध्ये कोंबून तिथे नेलंत. तुमची कायमची तक्रार असायची, "तुमच्या नाशिकला ग्राउंड नाही, रोड आहे." मुरमावर पडायला भिणाऱ्या मुलींना घसरून बॉल काढायला शिकवणार कसं? तिच्या आजोबांनी एक वावर आम्हाला दिलं. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीत, बॉल टाकलात आणि चिखलात शिरलात. आम्ही पडत होतो, उठत होतो, तोंडात चिखल जात होता. आजोबा बांधावरून ओरडत होते, "तुडवा पोरींनो, तुडवा! आज बैलांना सुट्टी हाय!" आणि तुम्ही आम्हा चौघींना चकवून पळालात, त्या गुडघ्यासकट. मग आडवे झालात आणि तसेच चिखलात पडून हसत राहिलात. येताना जीपमध्ये मी विचारलं, सर, तुम्ही परत का जात नाही कोलकात्याला? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "एकटा जाऊ? लोक विचारणार, इतकी वर्षं काय केलं. मी काय दाखवू, गुडघा? टीम घेऊन जाणार. टेंटमध्ये उभं करून सांगणार, ही माझी टीम."

ते काही जमलं नाही. आमची टीम राज्याबाहेर गेलीच नाही. आम्ही लग्नं, नोकऱ्या यांत पांगलो, तुम्ही आजारी पडलात आणि ऐन द्राक्षांच्या दिवसांत गेलात. नंतर काकूही गेल्या. मी खेळाची शिक्षिका झाले. मुलींची टीम उभी केली ती तुमच्यासाठी, असं म्हणणं खोटं ठरेल, पण या स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा मी मुख्याध्यापकांच्या मागे हात धुऊन लागले ते मात्र तुमच्यासाठीच.

तर टेंट सापडला. हिरवा रंग दिलेलं कौलारू घर, तंबू नाहीच. एका म्हाताऱ्या माळ्याने आत नेलं. फोटो भिंतीवर होता, सर. मुली माझ्यामागे रांगेत उभ्या, मी सांगितलं नसतानाही. खाली छापलेली नावं ओल लागून पुसली होती. मी खालची रांग पाहिली. सगळे काटकुळे, सगळ्यांना दाट केस, सगळ्यांना मिशा. मी एकेक चेहरा निरखला. मला वाटलं होतं, तुम्ही कुठेही असलात तरी मी ओळखेन. मला ओळखता येईना. मग आठवलं, तुम्ही लेस बुटाच्या तळव्याखालून घेऊन बाहेरच्या बाजूला गाठ मारायचात आणि आम्हालाही तसंच शिकवलंत. माझ्या मुली त्याला "आपल्या सरांची गाठ" म्हणतात, तुम्हाला कधी पाहिलेलं नसतानाही. मी खाली वाकून बूट पाहिले. रांगेतल्या सगळ्यांनी तशीच गाठ मारली होती.

"ताई, सर कोणते?" मागून एकीने विचारलं. माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, "दीदी, मैं तो इनके बहुत बाद आया." मुली वाट बघत होत्या. मी एकावर बोट ठेवलं. जरा हसऱ्या तोंडाचा होता, एवढंच. मुलींनी त्याला नमस्कार केला. मी मनात म्हटलं, ही तुमची टीम, आणि मला रडू आलं, कारण ते तुम्ही म्हणायचं होतं आणि मी कुणाला तरी भलत्यालाच सांगत होते कदाचित. तुम्ही इतके जवळचे आणि तुमचं तरुणपण मला परकं निघालं, याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

नंतर कॅन्टीनमध्ये बसलो. स्ट्यू आला. तोच पिवळट, तीच पपई, तीच मिरपूड. टीममधली सर्वात लहान मुलगी म्हणाली, "ताई, याला चवच नाय." मी म्हटलं, खा गुपचूप. आणि पर्समधून डबी काढली. आई आता नाही, ठेचा मीच कुटून नेला होता, लसूण जास्त घालून. झाकण उघडलं, चमचाभर ठेचा स्ट्यूत टाकला आणि हात मांडीवर ठेवून तशीच बसले. गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हिशेबात डोकं घातलं. मुली पाव बुडवून खात होत्या. स्ट्यू निवला.

हे पत्र टेंटच्या पत्त्यावर टाकावं असं इथे परतल्यावर एकदा मनात आलं. पण ते फोडणार कोण, आणि मराठी वाचणार कोण? राहू दे कपाटात. एक सांगायचं राहिलं, सर. डॉक्टरांनी माझं तिखट केव्हाच बंद केलंय. तो ठेचा मी खाण्यासाठी घातलाच नव्हता. कुणीतरी ओरडेल म्हणून घातला होता.