पाण्याजवळचे चौकोन

सुरत,
मंगळवार

प्रिय धुडकूभाऊ,

सप्रेम नमस्कार. हे पत्र तुम्हांला धनश्री वाचून दाखवील, हे गृहीत धरून लिहितो आहे. सूनबाईंना माझी विनंती, की माझी भाषा जिथे जड होईल तिथे त्यांनी अहिराणीत सांगावे. परंतु एकही वाक्य गाळू नये. चेतन कारखान्यातून परतला असेल तर त्यालाही बसवून घ्यावे. इथून, पर्वत पाटियाहून, भेस्तानला तुमच्या घरी येऊन मी हे तोंडी सांगू शकलो असतो. रविवारी तुम्ही माझ्या समोरच्या खुर्चीवर होतात, तेव्हाही सांगू शकलो असतो. सांगितले नाही.

तुम्ही माझ्याहून तीन वर्षांनी मोठे आहात. तरी सव्वीस वर्षे मी तुम्हांला ‘अरे धुडकू’ म्हणत आलो. सुधा पहिल्या दिवसापासून ‘धुडकूभाऊ’ म्हणत असे. तिचे बरोबर होते. ती चूक आज सुधारतो आहे. इतर चुकांच्या मानाने ती लहान आहे.

रविवारी तुम्ही चेतनला घेऊन आलात, तुमच्या भावकीतल्या लोटूने गावाहून पाठवलेली अहवालाची प्रत हाती होती. पठारावर मेंढरांना पुन्हा चरू द्यावे की नाही, याची पुढच्या महिन्यात साक्रीला सुनावणी आहे आणि तुमच्या विरुद्धचा मुख्य कागद हाच जुना अहवाल आहे, असे तुम्ही म्हणालात. अहवालाखाली माझे नाव होते. “गुरुजी, तुमना नाववर कोनीतरी खोटं लिखी टाकेल शे,” असे म्हणून तुम्ही माझ्याकडे दोनच ओळी मागितल्या: हा कागद माझा नव्हे. मी चष्मा लावला आणि पहिल्यांदाच पाहत असल्याप्रमाणे पाने उलटली. “राहू दे इथे, बघतो,” एवढेच बोललो. जिना उतरताना तुम्ही चेतनला म्हणालात, “गुरुजी शेतस ना, मंग काय चिंता?” दार बंद झाले नव्हते. मला ऐकू आले.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या नवरात्राच्या सुट्टीतले तुम्हांला आठवत असेल. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन मी मीटरभराचा चौकोन आखत असे, त्यातली रोपे जातवार मोजत असे. मग तळ कापलेला डबा मातीत ठोकून त्यात पाणी ओतायचे आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचे. सुधा शेजारी दगडावर बसून वहीत आकडे लिहीत असे. असे तीस चौकोन साऱ्या पठारावर, जवळ आणि दूर, चिठ्ठ्या टाकून ठरवायचे असा नियम होता. ओढ्यापलीकडच्या उतारावर जाऊन येण्यास तीन तास लागत. पिंपळनेरची गाडी तीनला सुटे आणि अहवाल सादर करण्याची मुदत जवळ आली होती. मी तिसांचे तीस चौकोन ओढ्यातल्या डोहाभोवती आखले. तुम्ही काठीवर हनुवटी टेकून पाहत होतात आणि म्हणालात, “तुमना चौकोन बी मेंढीनागत पानीजोडेच बठस, गुरुजी!” सुधा खळखळून हसली. मीही हसलो.

पंचक्रोशीतले सगळे कळप ज्या काठावर रोज पाणी पितात, तिथली जमीन खुरांनी दगडासारखी होणारच. पाणी मुरायला चाळीस मिनिटे लागली. तोंड न लावण्याजोग्या दोन-तीन काटेरी जातींखेरीज तिथे काही उरलेले नव्हते. एवढ्यावरून मी ‘संपूर्ण पठाराची माती आणि वनस्पती चराईमुळे ऱ्हास पावली आहे’ असे लिहिले. ठिकाणे चिठ्ठ्या टाकून निवडली, असेही लिहिले. चिठ्ठ्या मी कधी केल्याच नाहीत. पलीकडचा उतार तुम्ही ठेलारी मेंढपाळ गवताचे बी गळेपर्यंत बंद ठेवता, हे तुम्ही मला बोट दाखवून सांगितले होते. ते मी कुठेही लिहिले नाही, कारण ते लिहिले असते तर तिथे जाऊन मोजावे लागले असते.

पुढचे तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. माझ्या अहवालाच्या आधारावर पठाराला कुंपण पडले, चराई बंद झाली. कळप विकून तुम्ही सुरतेला आलात. मी तुम्हांला लूमवर लावून दिले, खोली पाहून दिली, आणि तेव्हापासून तुम्ही भेटेल त्याला सांगत आलात की गुरुजींनी आम्हांला उघड्यावर पडू दिले नाही. दर दिवाळीला ते शब्द मी पाहुण्यांसमोर ऐकून घेतले. तुम्ही विणून आणलेली घोंगडी सुधाच्या दहाव्याला येणाऱ्यांसाठी अंथरली होती. मी तिच्यावर बसलो नाही. गुडघे दुखतात, असे सांगितले.

भाद्रपदात मी कोणालाही न सांगता पठारावर जाऊन आलो. यंदा ओढा ओलांडला. गवत कमरेइतके उंच आहे, आणि खाली वर्षानुवर्षांच्या वाळल्या काडीचा असा जाड थर साचला आहे की कोवळ्या रोपाला वर यायला वाट नाही. सुधाला आवडणारी ती निळी, बारीक फुले, सीतेची आसवे, आत एकही दिसली नाहीत. ती दिसली कुंपणाबाहेर, जिथे गावची गुरे येता-जाता तोंड मारतात त्या पायवाटेच्या कडेला. मेंढरे सर्वस्वी निर्दोष, असे मी म्हणणार नाही. डोहाचा काठ अजूनही टणक आहे. परंतु उताराला तुमची मेंढरे हवी होती, असे मला वाटते. ‘वाटते’ म्हणतो, कारण जेव्हा मोजता आले असते तेव्हा मी मोजले नाही.

आता, हे आजच का लिहिले. काल सुधाचे कपाट आवरताना ती जुनी वही सापडली. प्रत्येक चौकोनासमोर, समासात, तिने आपल्या अक्षरात लिहून ठेवले आहे: ‘डोहापासून वीस पावले’, ‘डोहापासून पस्तीस पावले’. तिसांच्या तीस चौकोनांपुढे असेच. तिला सुरुवातीपासून माहीत होते. माझा अहवाल तिनेच स्वच्छ लिहून काढला होता. चिठ्ठ्यांच्या वाक्यापाशी थांबून तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी म्हणालो, इतके चालते. त्यानंतर तिने तो विषय काढला तो थेट इस्पितळात, ज्येष्ठात. “धुडकूभाऊंना सांगितलंत का हो?” मी म्हणालो, हो, सांगितले. डोळे मिटून ती म्हणाली, “तरीसुद्धा ते येतात आपल्याकडे. केवढं मन म्हणायचं.” चौथ्या दिवशी ती गेली. धुडकूभाऊ, तुम्ही मला क्षमा केली आहे, असे समजून ती गेली. तुमच्या नावावर ती क्षमा मी तिला देऊन टाकली. तुम्हांला विचारलेसुद्धा नाही. ती क्षमा आता तुमच्याकडे मागण्याचा मला अधिकार नाही, आणि मी मागतही नाही. तुम्ही दोन ओळी मागितल्या होत्या, त्या सोबतच्या वेगळ्या कागदावर सहीनिशी लिहिल्या आहेत: ‘हा अहवाल माझाच आहे. त्यातील सर्व मोजमापे केवळ पाण्याकाठची असून, ठिकाणांच्या निवडीविषयीचे विधान खोटे आहे.’ सुनावणीच्या दिवशी वही घेऊन मी साक्रीला हजर राहीन. तुम्ही माझ्या शेजारी बसावे, असे म्हणत नाही. समोर बसलात तरी मला तुमच्याकडे पाहून बोलावे लागेल, तेवढे पुरे.

तुमचाच,
श्रीरंग