मी आता सिंगापूरची

१ जून, रविवार
पहिले आली कोण, तं सुशिलाबाई! पोरगा माझा, घर माझं, कोहमाऱ्याहून गाडी यायची साडेअकराले, अन् ही विहीणबाई नऊ वाजताच दारात. हातात लोणच्याची बरणी. जसं माझ्या घरी लोणचं होतच नाही. मी म्हटलं, या. काय म्हणणार!

बारा वाजता आले सगळे. कैलाश, सून दुर्गेश्वरी अन् माझी रुची. सात वर्षांची आहे, नऊची दिसते. धावत येऊन पहिले माझ्याच गळ्यात पडली. मंग सुशिलाबाईच्या. मी पाहिलं नीट.

ही गुलाबी वही रुचीनं सिंगापूरहून आणली. म्हणे आजी, रोज लिही, कोणाले दाखवू नको. मी चौथी पास आहो. लिहीन.

३ जून
मोठी बातमी. कैलाशले तिकडं नऊ वर्षं झाली, सून तिकडं दवाखान्यात नर्स आहे. आता तिथलं नागरिक होयाचा अर्ज करता येते म्हणे. पण मंग आपला भारताचा पासपोर्ट परत करा लागते. दोन दोन ठेवता येत नाही. सून म्हणते करू, हा म्हणते थांबू. तीन महिन्यांपासून भांडून राहिले. शेवटी ठरलं की आईले विचारू, ती म्हणेल तसं.

पाहा! सुशिलाबाईले नाही विचारलं. मले विचारलं.

मी एका दमात हो म्हटलं. इतका विचार कायले? तू हो तिकडचा, मी बी होते. कैलाश म्हणे आई, तसं नाही राहत, तुले फक्त येऊन राहायचा पास मिळेल, अन्… पण तेवढ्यात दूध उतू गेलं.

४ जून, सकाळी
रात्रभर विचार केला. चांगलं काय, तं रुची. लाईट जात नाही. वाईट काय, तं तिकडं मंडई नाही. दिवाळी झाली की आपल्या गावची मंडईची जत्रा, रात्रभर दंडारीचं नाटक, घरोघरी पाहुणे, ते तिकडच्या लोकाईले काय समजणार. पण ज्याले जायाचं त्यानं मन घट्ट करावं.

कैलाश म्हणे तिकडं तंबाखूले बंदी आहे. गुडाखू बी तंबाखूचाच. मी तीस वर्षांपासून सकाळी त्यानंच दात घासते. ठरवलं, आजपासून गुडाखू बंद.

४ जून, दुपारी
डोकं दुखून राहिलं. एकदाच घासला. उद्यापासून पक्का बंद.

६ जून
बचत गटाचं अध्यक्षपद शेजारच्या अल्काले देऊन टाकलं. अकरा वर्षं होती मी. बायका म्हणे काऊन सोडता बाई? मी म्हटलं, परदेशी बाई अध्यक्ष कशी राहील? अल्काले माझ्या सहा कोंबड्या बी दिल्या. सून म्हणे आई, इतकी घाई काऊन? ही दवाखान्यात काम करते, हिले कोंबडीचं काय समजते. कोंबडीले नव्या घराची सवय व्हायले वेळ लागते.

रुची मले इंग्रजी शिकवून राहिली. मी तिले शेतातली धानाची बांधी दाखवली, तिनं मले लिफ्ट कशी दाबायची ते भिंतीवर दाखवलं.

गुडाखू: जरासाच.

९ जून, सोमवार
कैलाश मोबाइलवर माझ्या पासाचा फारम भरत बसला. आधी माझा पासपोर्ट काढा लागते, त्याले आधार. आधार पाहून तो माझ्याकडं पाहे, परत आधारकडं पाहे. म्हणे आई, इथं तुझा जन्म १९७४ चा लिहिला आहे. माझा १९८४ चा. मी झालो तवा तू दहा वर्षांची होती का?

सून पदर तोंडाले लावून आत गेली. रुचीनं बोटं मोजली.

आता खरं लिहिते, कोणी वाचणार नाही. कैलाशच्या लग्नाच्या पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीत आधार दुरुस्तीची मशीन आली होती. लाईनीत माझ्यापुढं सुशिलाबाई. तिनं ऐटीत सांगतलं, जन्म १९७०. खोटी कुठली! केस तिचे माझ्याहून पांढरे. मंग मी वराकडली असून तिच्याहून म्हातारी कशी राहू? माझ्या आधारवर बरोबर १९६३ होतं, तेच दुरुस्त करून घेतलं. ७४. मशीनवालाही काही बोलला नाही. म्हणजे शोभत होतं.

कैलाशले सांगतलं, मशीनची चूक.

११ जून
माहेरच्या गावी गेलो, देवरीच्या बसनं. तिथल्या शाळेत जुनं रजिस्टर आहे. दुलीचंद गुरुजी कवाचेच रिटायर झाले, तरी सोबत येऊन त्याईनं नाव शोधलं. शामकला, चौथा वर्ग, जन्म १ जुलै १९६३. पानभर सगळ्याच पोराईचा जन्म १ जुलै. गुरुजी म्हणे, तेव्हा मायबापाईले तारीख ठाव राहत नसे, आम्ही लिहून टाकत होतो. कैलाश कपाळाले हात लावून बसला. मी म्हटलं, वर्ष तं बरोबर आहे ना?

दाखला भेटला. झालं काम. येताना रुचीसाठी जांभळं घेतली.

१४ जून, शनिवार
नाही झालं. आधार सेंटरवाली पोरगी म्हणे, जन्मतारीख एकदाच बदलता येते. तुमची बदलून झाली. आता मोठ्या ऑफिसात अर्ज करा, चौकशी होईल, किती महिने लागतील सांगता येत नाही. वरतून म्हणे, मावशी, पहिली तं बरोबर होती, काऊन बदलली?

कैलाशनं माझ्याकडं पाहिलं. मशीनची चूक आहे असं मी अजून एकदा सांगतलं. त्यानं सगळे कागद घडी करून पिशवीत ठेवले. चिडला असता तं बरं झालं असतं.

गुडाखू: दोनदा. आज मोजायचं नाही.

१७ जून
सुशिलाबाई जेवायले आली. तिनं पिशवीतून काय काढलं, तं पासपोर्ट! मले आठवलं. पाच वर्षांआधी ही नेपाळले पशुपतिनाथाले गेली, तवा कोणीतरी हिले सांगतलं पासपोर्ट लागते. हिनं काढला. लागतच नव्हता. सीमेवर कोणी पाहिला बी नाही. अख्ख्या गावात मी ते सांगून सांगून हसली होती. पाच वर्षं.

कोरा करकरीत. जन्म १९७०. शाळेचा दाखला जोडून काढलेला. म्हणजे बाई खरंच ७० ची निघाली.

सुनेले तिसरा महिना आहे, हे बी आजच सांगतलं. जवळ कोणीतरी पाहिजे. कैलाश हळूच म्हणे, आई, तुझे कागद होईपर्यंत या वेळी मामी येतील. सुशिलाबाईले तो मामी म्हणते. मी म्हटलं, हो हो, जाऊ दे न बिचारीले. तिले फिरायची हौस आहे.



१९ जून
कैलाश विहिरीजवळ बसला होता. मी गेली. म्हणे आई, अर्ज केला अन् मंजूर झाला, तं मी इथं पाहुणा होईन. आपल्या गावी यायले मले कार्ड काढा लागेल. तू त्या दिवशी हो म्हटलं, ते स्वतः येणार म्हणून ना? आता बी हो आहे का?

हा पोरगा लहानपणापासून असाच, उत्तर ठाऊक असताना विचारते. त्याच्या घरी भांडण, पोटातल्या लेकराचा प्रश्न, रुचीची शाळा तिकडली.

मी म्हटलं, कर बापा. मायच्या घरी यायले कार्ड लागलं तं लागलं, दार मीच उघडते ना. तो उठून मोटर चालू करायले गेला. टाकीत पाणी भरपूर होतं.

२२ जून
अल्काकडं गेली, कोंबड्या परत दे म्हटलं. पाच मिळाल्या. सहावी पाहुण्याईले लागली म्हणे. अध्यक्षपदाचं मी विचारलं नाही, तिनं बी काढलं नाही.

२४ जून, मंगळवार
गेले. पहिले गाडीत बसली कोण, तं सुशिलाबाई. खिडकीजवळ. रुची खाली उतरून परत आली, माझ्या कानात म्हणे, आजी, आम्ही मंडईले येतो. मी कैलाशले विचारलं. तो म्हणे दिवाळीत शाळा चालू राहते, रुचीले सुट्टी नोव्हेंबरच्या शेवटी लागते. दुर्गेश्वरीजवळ मामी राहतील, मी अन् रुची दोन दिवस येऊन जाऊ. तारीख सांगतली.

पण आपली मंडई तं भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी राहते. म्हणून तशीच नंदलालकडं गेली. तो मंडई समितीचा अध्यक्ष. म्हटलं, यंदा मंडई महिनाभर पुढं घे. तो म्हणे काकू, आमदारासाठी कधी बदलली नाही, अन् तेव्हा लोक मळणीत राहतील, अजून तं रोपाईसाठी धानाचे परे टाकले नाही, तुम्ही मंडईचं काय घेऊन बसल्या! मी उठलीच नाही. शेवटी म्हणे, पाहू.

पाहू म्हणजे हो. नंदलालले मी लहानपणापासून ओळखते.

तर मंडई ठरली. २९ नोव्हेंबर, शनिवार.