शत्रूच्या लोकरीचा मोजा

प्रिय वन्सं,

आधी नीट बसा, कारण मी जिंकले आहे!

तुमच्या सरकारनं आमच्या सायकलींवर जकात वाढवली, त्याचा वचपा म्हणून आमच्या सरकारनं तुमची लोकर बंद केली. भांडण त्यांचं, पण फोन तुम्ही आपटलात आणि अबोला मी धरला. तिकडे तुमच्या गोदामातल्या लोकरीला कसर लागली, इकडे आमचा मोज्यांचा कारखाना धापा टाकू लागला. तुमचे दादा म्हणाले, "विकून टाकू." मी म्हटलं, "आधी मंत्र्यांना भेटते."

मंत्री म्हणाले, "बाई, शत्रूची लोकर घेणं देशाला शोभत नाही."

मी पिशवीतून एक मोजा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. "साहेब, हा आपल्या सैनिकांचा मोजा. त्याच शत्रूच्या लोकरीतून इतकी वर्षं आम्हीच विणत आलोय. यंदा सरहद्दीवर त्यांनी नुसत्या बुटांत काकडत उभं राहायचं का?"

मंत्र्यांनी मोजा उलटापालटा करून पाहिला. सचिव खोकले. मग मंत्रीच खो खो हसत सुटले.

गेल्या आठवड्यात बंदी उठली, बदल्यात तुमच्याकडची सायकलींवरची जकातही उतरली. आज लोकरीचा पहिला ट्रक कारखान्यात शिरला, तेव्हा आमच्या बायकांनी चक्क शिट्ट्या मारल्या. गठ्ठ्यांवर तुमच्या हातचं अक्षर दिसलं आणि माझा अबोला तिथंच सुटला.

हे पत्र काही मी टाकत नाही. ट्रक उद्या परत तुमच्याकडे निघतोय आणि ड्रायव्हरशेजारची जागा मी पटकावली आहे. भांडायचं जे राहिलंय, ते समोरासमोर बसून भांडू.

तुमची विजयी वहिनी