चालून दाखवा

माय, सरकारी डॉक्टरसमोर मी चालून दाखवलं आणि माझा अर्ज बाद झाला. लंगडले असते तर अनुदान मिळालं असतं. इतकी नीट चालले की त्यांनी मला अपंग मानलंच नाही, आणि हे सगळं तू शिकवलेलं. आता यात तुझा उपकार मानू की तुला शिव्या देऊ, तूच सांग. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुझ्यावर एवढी चिडले नव्हते.

आधी आमचं कसं चाललंय ते ऐक. तुझा जावई कापसाच्या गाठी उचलायचा. त्याची पाठ गेली. आता तो धुळ्यात घराच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना किती वाजले ते विचारतो. मी शाळेत पोरांची खिचडी शिजवायचे. दोन वर्षांपासून माझ्या पायांनी छळ मांडलाय. लहानपणीच्या तापात गेलेला पाय तर तसाच, पण त्याचं ओझं वाहून वाहून दुसऱ्याचा गुडघा आणि कंबरही गेली. एक दिवस भाताचं पातेलं हातातून सुटलं. कोणी भाजलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "मावशी, आता तुम्ही आराम करा." आराम! लेक पाचोऱ्याला नांदते. ये म्हणते. पण माझ्या जावयाच्या दारात जाऊन बसायचं आणि त्याच्या आईने वाढलेलं खाली मान घालून खायचं, ते मला जमणार नाही. म्हणून निराधार योजनेचा अर्ज केला. त्याला अपंगाचा दाखला लागतो, आणि दाखल्यावर चाळीस टक्के तरी लागतात.

तपासणीचं शिबिर होतं. तुझी लेक नेहमीप्रमाणे वागली. पहाटे उठून न्हाले, तेल लावून अंबाडा घातला, लेकीच्या लग्नातलं मोरपंखी लुगडं नेसले. सरकारी माणसापुढे गबाळं जाऊ नये, हे तुझंच. माझ्या पुढचा माणूस काठी टेकत, कण्हत आत गेला. मग माझा नंबर. डॉक्टरने कागदातून मान वर न काढता सांगितलं, "त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा." गेले, परत आले. उजवा हात निऱ्यांवर, कमरेत ताठ. तो म्हणाला, "व्यवस्थित चालता की ताई." लिहिलं छत्तीस. महिन्याभराने तहसिलीतून उत्तर आलं, नामंजूर, टक्केवारी कमी. चार टक्क्यांनी.

त्या चार टक्क्यांसाठी तू मला किती मारलंस, आठवतं? यावलजवळचं आपलं घर, मागे केळीचा बाग, बागेतून पाण्याचा पाट. संध्याकाळी गडीमाणसं घरी गेली की तू मला पाटाच्या कडेने चालवायचीस. मी आठ-नऊ वर्षांची. तू मागे, हातात तुराटी. मी पाय टाकते, गुडघा आतून मुडपतो, उजवा खांदा खाली जातो. "खांदा पडला पाह्य!" म्हणून सटकन त्याच खांद्यावर. पुन्हा चालायचं. हाताने मांडी दाबली की गुडघा टिकतो हे मी स्वतःच शोधलं होतं, पण तू ते लपवायला शिकवलंस. परकर चिखलापासून वर धरल्यासारखा हात ठेवायचा आणि आतून मूठ मांडीवर रोवायची. पुढे साडी आली तेव्हा निऱ्या सावरल्यासारखं. पाय आखूड म्हणून चांभाराकडून उजव्या चपलेत आतल्या आत दोन थर घालून घेतलेस आणि त्याला सांगितलंस, पोरीला टाचेला गार लागतं. "लोकायले एकदा पाय दिसला का ते तोंड पाह्यत नाही," तू म्हणायचीस. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई." एकदा आत्यासमोर मी म्हणून गेले की पाय दुखतो. आत्या गेल्यावर तू माझ्या तोंडात मारलीस. "पाय दुखतो असं माह्या घरात कोन्ही म्हनायचं नाही." तेव्हापासून मी म्हटलेलं नाही. डॉक्टरलासुद्धा म्हटलं नाही, बघ.

आणि फळ मिळालं ना तुला. धुळ्याची माणसं बघायला आली. मुलाच्या मावशीने चहा संपवला आणि गोडगोड आवाजात म्हणाली, "पोर, हाऊ तांब्या मझार ठेव." तांब्याचं निमित्त, बघायची होती चाल, ते तुलाही माहीत आणि मलाही. मी तांब्या घेऊन आत गेले. तू दाराआड उभी होतीस. माझा चेहरा पाहिला नाहीस, खांदे पाहिलेस. लग्न ठरलं. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी देवीच्या पायऱ्या चढताना तुझ्या जावयाला कळलं. वरच्या पायरीवर तो थांबला, माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "आधी सांगितलं असतं तरी मी केलं असतं." खरं बोलला की कसं, देव जाणे. पण त्याला खरं ठरायची संधीच तू दिली नाहीस. पुढे सासू मरेपर्यंत मला "फसवून आणलेली" म्हणत राहिली. पाच माणसांत म्हणायची. तुझ्या सव्वा लाखातला एक पैसा माझ्या हाताला लागला नाही, माय.

असो. अपील करायचं ठरवलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, मला तर आठ लागले. सेतूवाला म्हणतो सर्व्हर डाऊन. साहेब मीटिंगला. फोटोत कान दिसत नाहीत, नवा काढा. एका खिडकीवरच्या बाईने मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कुठंय?" आमच्या घराशेजारच्या बाईने आपल्या नवऱ्याचं असंच काम करून घेतलेलं. ती मला रागावली, "आक्का, तू येडी शे का? तठे कोनी निट्ट चालस का? पडनं, रडनं! लाज कसानी? बठ्ठा तसंच करतस." सगळेच तिथे पडून-रडून दाखवतात म्हणे. आणि तिने मला स्वयंपाकघरात लंगडायला शिकवायला घेतलं. लंगड्या बाईला, छप्पन्नाव्या वर्षी! ओट्यापासून दारापर्यंत मी पाय ओढत जाते, ती हसून हसून खाली बसते, म्हणते, नाटकातली सासू वाटतेस. तुझा जावईही हसला. मी पुन्हा चालून बघते, निऱ्यांवरचा हात काढते, आणि खांदा पडायच्या आत हात आपोआप तिथे जातो. तुझ्या तुराटीचा धाक अजून आहे. त्या दिवशी पोळ्या लाटताना मी तुला इतक्या शिव्या दिल्या की शेजारीण हसायची थांबली.

फेरतपासणीला मात्र कोणी चाला म्हटलंच नाही. डॉक्टर बाई होती, माझ्या लेकीच्या वयाची. पडदा ओढला, म्हणाली, "आजी, इथे आडव्या व्हा, साडी मांडीपर्यंत घ्या." माझे हात हलेनात. तुझ्या जावयानेही तो पाय असा उजेडात कधी पाहिलेला नाही. तिने घाई केली नाही, थांबली. मग तिने टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या. "उचला" म्हणाली. मी उचलायला गेले, पाय तिथेच. ती पायाकडे बघते, जुना कागद बघते. "याला छत्तीस कोणी दिले? तुम्ही त्या दिवशी काय केलं होतं?" मी म्हटलं, "चालले." तिने पेन खाली ठेवलं. आणि मग माहिती घ्यायला लागली. ताप कधी आला, कुठे दाखवलं, काय उपचार केले. शेवटी विचारलं, "लहानपणी पायाला कॅलिपर नाही मिळाला? लोखंडी पट्ट्यांचा बूट असतो तो. तो असता तर कंबर आणि हा दुसरा गुडघा वाचला असता."

मिळाला होता की. आपल्या गुरुजींनी यावलच्या शिबिरात नाव घालून मिळवून दिला होता. तपकिरी चामडं, चकचकीत पट्ट्या. घालून मी शाळेतून घरापर्यंत एकटी आले, हात मोकळे सोडून, दोन्ही हात! खटक खटक वाजत होतं आणि मला ते आवडत होतं. तू अंगणात उभी होतीस. म्हणालीस, "साऱ्या गल्लीले ऐकू जातं." संध्याकाळी मला घेऊन मळ्यातल्या विहिरीवर गेलीस. बूट तुझ्या पदराखाली होता. टाकलास. मी काठावर तुझा पदर धरून उभी. घरी येताना सांगितलंस, गुरुजींनी विचारलं तर म्हण हरवला. गुरुजींनी मला सगळ्या वर्गासमोर निष्काळजी म्हटलं. ते मी ऐकून घेतलं, पण पुन्हा कोणाकडे काही मागायचं धाडस झालं नाही. तू माझा पाय झाकत नव्हतीस, माय. ताप आला तेव्हा तू तीन दिवस अंगारे-धुपारे करत बसलीस, ते तुला झाकायचं होतं.

डॉक्टर उत्तराची वाट बघत होती. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तू थोडीच ऐकायला होतीस. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी म्हटलं, "नाही हो मॅडम, आमच्याकडे तेव्हा कुठे होतं असलं काही. माझ्या मायने पुष्कळ केलं. कडेवर घेऊन यावलला जायची, तिथून एसटीने जळगावला. उपाशी बसायची दवाखान्याच्या पायरीवर. कोणी बूट देईल का म्हणून दहा जणांना विचारलं तिने." तोंडाला येईल ते बोलत गेले, थांबताच येईना. ती लिहून घेत होती. मला रडू आलं तर तिने पाणी दिलं, आणि म्हणाली, "नशीबवान आहात, अशी आई मिळाली." छप्पन्न टक्के दिले. कागदावर 'कायमस्वरूपी' लिहिलंय. अनुदान मंजूर झाल्याचं पत्र परवा आलं. तुझा जावई ते दिवसातून तीनदा वाचतो.

हे लिहून झालं की चुलीत घालीन. लेकीच्या हाती लागायला नको. तिला मी तुझ्याबद्दल चांगलंच सांगत आले आहे. तू माझ्यासाठी जे केलंस ते तुला बरोबर वाटलं असेल, मला माहीत आहे, आणि तरी मी तुला माफ करत नाही. फक्त एक कबूल करते. डॉक्टरला सांगितलेली ती कडेवर घेऊन फिरणारी माय कधी नव्हतीच. पण त्या दिवसापासून मला तिचीच आठवण येते, तुझी येत नाही.