कारणाचा रकाना

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मी, गुणवंत लटारी झोटिंग, वय ७८ वर्षे, इयत्ता चौथी उत्तीर्ण, सेवानिवृत्त पोलीस पाटील, तालुका राळेगाव, या वहीत नमूद करतो की आज मृत्युपत्र करण्याकरिता वकिलाकडे गेलो. प्रकृती उत्तम. कोणाचाही दबाव नाही.

वकील बाई निघाली! प्रेरणा नावाची, वय तिशीच्या आत. पाटीवर नाव वाचले होते. तरी आत कोणी पुरुष असेल असे गृहीत धरले. चूक माझी.

तिने विचारले, "अपत्ये किती, काका?"

"एक. मुलगा घनश्याम."

शेजारून सौ. कांताबाई म्हणाली, "दोन."

वकीलबाईने पेन उचलले. मी म्हणालो, "मुलगा एकच आहे."

"अन् पोरगी एक. दिपाली. दोघंही मीच पैदा केले, मले मोजता येते."

सात एकर वावर व घर स्वकष्टार्जित, सबब वाटेल त्यास देता येते, असे समजले. मात्र मुलीस वगळावयाचे तर तिचे नाव लिहून कारण द्यावे. नाहीतर उद्या कोर्टात मृत्युपत्रावरच शंका येते. "कारण तुम्हीच लिहून आणा, काका. तुमच्या शब्दांत."

सव्वीस वर्षे पंचनामे लिहिले. कारण लिहिणे मला नवीन नाही.

४ फेब्रुवारी

शुद्धीवर असल्याचा दाखला घेतला. डॉक्टरने विचारले, आज वार कोणता. मी वार सांगितला, तिथी सांगितली, व त्यांच्या भिंतीवर अजून जानेवारीचे पान असल्याचेही सांगितले. दाखला लगेच मिळाला.

५ फेब्रुवारी

कारण लिहिले — "सदर मुलीने सन २०१२ मध्ये आम्हांस न विचारता पांढरकवड्याचा मोटार मेकॅनिक परवेज याच्याशी विवाह केला."

जबाब लिहिल्यावर वाचून दाखविण्याची माझी पद्धत आहे. कांताबाईस वाचून दाखविला.

"खोटं हाय. इचारलं होतं तिनं. ओट्यावर. तुमी पेपर वाचून राह्यले होते."

"मग मी काय म्हणालो?"

"पान उलटवलं."

वाक्य खोडले.

६ फेब्रुवारी

दुसरे कारण — "परधर्मात विवाह केल्यामुळे."

हे स्वतःच तपासले. सणावाराच्या आधी ठाण्यात शांतता समिती बसे. तेथे 'आपण सारे एक' हे भाषण मी दरवर्षी केले. ठाणेदार स्वतः टाळ्या वाजवीत! आता हे कारण खरे धरले तर सव्वीस भाषणे खोटी ठरतात.

खोडले.

घनश्याम म्हणाला, "बाबा, 'नाराजी' असं लिहून मोकळे व्हा ना. कारण वाचते कोण?"

मी वाचतो, असे त्यास सांगितले.

८ फेब्रुवारी

तिसरे कारण — "वृद्ध आईबापांकडे दुर्लक्ष." हे टिकेल असे वाटले. वाचून दाखविले.

कांताबाई म्हणाली, "मागच्या साली माह्या डोळ्याचं आपरेशन झालं. मंग मी कुठी राह्यली?"

"वणीस. तुझ्या भावाकडे."

"भाऊ तर त्याच्या आधीच वारला. तुमीच खांदा देल्ला त्याले."

हे आठवले. खांदा दिला होता.

"दिपालीच्या घरी होती. वीस दिवस. डोळ्यात थेंब जावई टाके. तुमी इचारलंच नाही, मंग मी कायले सांगू?"

पोलीस पाटलाच्या घरातले माणूस वीस दिवस भलत्या गावी — आणि नोंद नाही!

खोडले.

९ फेब्रुवारी

काही लिहिले नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

कांताबाई व घनश्यामसह वकीलबाईकडे गेलो. तिने कारणाचा कोरा रकाना पाहिला. मीच सांगितले, चौकशीअंती कारण आढळून आले नाही.

"मग काका, दोघांना निम्मे-निम्मे?"

मी होकारार्थी मान हलविली. घनश्याम बाहेर जाऊन मोटारसायकल पुसू लागला. ती स्वच्छ होती.

पुढे तिने दिपालीचे लग्नानंतरचे पूर्ण नाव विचारले. व सध्याचा पत्ता. दोन्ही मला माहीत नाही. सव्वीस वर्षांत 'माहीत नाही' हे उत्तर मी लोकांचे लिहून घेतले होते. स्वतः प्रथमच दिले.

कांताबाई म्हणाली, "मले पत्ता लिहिता येत नाही. पण रस्ता माईत हाय."

११ फेब्रुवारी

एसटीने पांढरकवड्यास गेलो. कांताबाई लांबूनच दार दाखवून गुडघ्यांमुळे गल्लीत मागे राहिली, सबब दाराशी मी एकटा. दार दिपालीने उघडले. मला एकट्यास पाहून तिने चौकट धरली.

"आई कधी गेली?"

"आई मागून येत आहे," असे मी सांगितले. आणखीही सांगावयाचे होते.

समक्ष हजर — सौ. कांताबाई, उशिराने. परवेज, जावई. नाहिद, वय ९, नात. माझी ओळख हिनेच पटविली, आजीने दाखविलेल्या फोटोवरून.