तिन्ही बरण्यांत सारखंच

सावरपाडा, पोस्ट नवापूर,
ता. ११ नोव्हेंबर १९३६

ती. दादांस,

भाईदासचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. इकडे थंडी पडली आहे. तापाचे रोगी कमी झाले, क्विनीन पुरतं. वहिनींच्या गुडघ्यासाठी तेल पाठवलं होतं, ते पोचलं का? दिवाळीला यायचं फार मनात होतं, पण डॉक्टर हिंमतरावांनी रजा दिली नाही. परवा पुन्हा मागितली, तीही नाही. टपालाची पिशवी हल्ली ते स्वतः बांधतात. म्हणून हे पत्र दुसऱ्या हाती देतो आहे.

तुम्ही दोनदा विचारलंत की मरियमच्या खटल्यातल्या बरण्यांबद्दल मला काही ठाऊक आहे का. उत्तरात मी एकदा पावसाचं लिहिलं, एकदा तेलाचं.

तुमचे वकीलसाहेब मरियमच्या बाजूनं लढताहेत, त्यांच्याकडे कागद आहेतच, तरी क्रमानं सांगतो. ऑगस्टात तिचा नवरा शमुवेल उलट्या-जुलाबांनी दोन दिवसांत गेला. नवराबायकोचं भांडण पाड्याला माहीत होतं. त्याच्या भावानं फिर्याद दिली. घरात मोरचुदाची पुडी सापडली, तांब्याचं ते निळं विष. ज्वारीला काणीचा रोग लागू नये म्हणून बी त्यात भिजवतात, ती पुडी इथे घरोघर असते. पण पोलिसांना तेवढं पुरलं. प्रेत आमच्या दवाखान्यात आलं.

फाडल्यावर जठर, अर्धं यकृत आणि एक मूत्रपिंड अशा तीन बरण्या स्पिरिट भरून मुंबईला तपासायला पाठवायच्या होत्या. सोबत त्याच स्पिरिटची एक छोटी बाटली वेगळी द्यावी लागते, म्हणजे विष स्पिरिटमधून आलं नाही हे तिथे ताडून बघता येतं. रंगावली नदीचा पूर उतरत नव्हता, मागवलेलं स्पिरिट पलीकडेच अडकलं होतं. आमच्याकडे होतं ते जेमतेम त्या छोट्या बाटलीपुरतं. कोठडीत अबकारीवाल्यांनी पकडलेली मोहाची दारू होती, तांब्याच्या हंड्यात दोन महिने आंबलेली. डॉक्टर म्हणाले, तीच भर. मी भरली.

शिपाई धुडकू बरणी धरून उभा होता. म्हणाला, "मरेल माणूसले बी दारू पाजी ऱ्हायनात का भाऊ?" आम्ही दोघं हसलो. दादा, ते हसणं मला आता सारखं ऐकू येतं.

छोट्या बाटलीत चांगलं स्पिरिट घालून तिच्यावर चिठ्ठी लावली, 'बरण्यांतलेच'. अक्षर माझं, खाली सही डॉक्टरांची.

मुंबईहून अहवाल आला. तिन्ही बरण्यांत तांबं. छोट्या बाटलीत काही नाही. म्हणजे तांबं देहातलंच, म्हणजे मोरचूदच, म्हणजे मरियमच. पण मी आकडे ताडून पाहिले. तिन्हींत जवळजवळ सारखंच. मी इथे लागलो तेव्हा डॉक्टरांनीच शिकवलं होतं की पोटात गेलेलं विष अंगभर सारखं वाटलं जात नाही. जठरात राहील ते राहील, रक्तात उतरलेलं यकृत अडवून धरतं, पुढे मूत्रपिंडाला थोडंच पोचतं. जिवंत शरीर कधी समान वाटणी करत नाही. ती हंड्याचं तांबं उतरलेल्या दारूनं केली, बाहेरून.

अहवाल डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, दार लावून घेतलं आणि विचारलं, बरण्यांत काय भरलंस?

हो, विचारलं. वर मी लिहिलं की तीच भर असं डॉक्टर म्हणाले. ते खोटं आहे. ते हात धुवायला गेले होते. दारू भरायचं माझं मला सुचलं आणि स्पिरिट वाचवलं म्हणून मी खूशही होतो. मघाची ओळ खोडावी असं वाटलं, पण राहू देतो. असं खोटं किती सहज उतरतं ते तुम्हाला कळावं.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "भाईदास, सही माझी आहे. तीन महिन्यांनी मी पेन्शनीत जातो. झालं ते बरणीत बंद झालं." दुसऱ्या दिवशी हंडा चिंचेनं घासून घेतला. आता तो रोग्यांच्या पिण्याच्या पाण्याला ठेवला आहे. लखलखतो. दिवसातून दहादा मला त्यातूनच पाणी द्यावं लागतं. या माणसानं मला हाताला धरून शिकवलं. त्यांच्या डोळ्यांपुढून मला हलता येत नाही आणि त्यांच्याविरुद्ध बोलवतही नाही.

मरियमची आई ठकुबाई दर बुधवारी पायाच्या जखमेला पट्टी बांधायला येते. आपल्या मोडक्या मराठीत विचारते, "पोरगी कधी येल, कंपाउंडर?" मी पट्टी बांधत राहतो. जखम केव्हाच भरली आहे, हे तिलाही ठाऊक आहे.

तिनं विष दिलं की नाही, मला माहीत नाही. त्या बरण्यांवरून मात्र कोणालाच ते सांगता येणार नाही. ही माणसं ख्रिस्ती, शमुवेलला पुरलं आहे. यकृताचा उरलेला अर्धा भाग मी परत आत ठेवून शिवला होता. त्याला दारू लागलेली नाही. वकीलसाहेबांना तो उकरून तपासायचा अर्ज करायला सांगा. तेवीस तारखेला खटला आहे, उशीर करू नका. आणि माझ्या नावाचं समन्स काढा. रजा डॉक्टर नाकारू शकतात, समन्स नाही. मला इथून दुसरी वाट नाही.

हे पत्र ठकुबाईच्या हाती देतो आहे. बाजाराला नवापूरला जाते, तिथे पेटीत टाकील. काय आहे हे मी तिला सांगितलं नाही. ती लुगड्याची घडी मोकळी करून समोर उभी आहे आणि आज पट्टी नको म्हणते.

वहिनींना नमस्कार. कोर्टात मी उभा राहीन तेव्हा तुम्ही समोर बसू नका, एवढं करा.

आपला धाकटा,
भाईदास
(तिन्ही बरण्या मीच भरल्या.)